अर्थिंग नसलेलं मशीन

माझी शेवटची पोस्टिंग लडाखमध्ये, एका फील्ड वर्कशॉपला होती. मी हवालदार. वेल्डिंग सेक्शन माझ्याकडे. नाईक सदाशिव कांबळे माझ्या हाताखाली वेल्डर होता. तो अंथुर्ण्याचा, मी शेजारच्या वाडीचा. एकाच तालुक्याचे म्हणून जेवायला एकत्र बसायचो.

काम रोजचंच. गाड्यांच्या चासी, ट्रेलरचे हुक, बंकरची दारं. सकाळची परेड झाली की सदाशिव आधी सगळ्या केबल हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचा. मग विचारायचा, "सप्लाय?" स्विचवरचा जवान सांगायचा, "ऑफ, उस्ताद." हे ऐकल्याशिवाय त्यानं कधी मशीन उघडलं नाही. आणि तो दारू पीत नव्हता. इतक्या थंडीत त्याच्या वाट्याची रम मी प्यायलो आहे, म्हणून हे मला पक्कं ठाऊक आहे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तो माझ्याआधी पेन्शनवर आला आणि बारामतीच्या एका दुकानातून वेल्डिंग मशीन घेऊन घराच्या अंगणात त्यानं ग्रिल-गेटची कामं सुरू केली. पुढच्या वर्षी मी घरी आलो, तेव्हा सदाशिव जाऊन पंधरवडा झाला होता. शॉक लागून.

मी अंथुर्ण्याला गेलो. त्याची बायको शालन ओट्यावर बसली होती. सदाशिवचा धाकटा भाऊ भिकू पाणी घेऊन आला. मी काही विचारण्याआधीच शालनवहिनी म्हणाल्या, "भावजी, लोक म्हणत्यात पिऊन काम करत हुते. तुमी त्यांच्याबरोबर ऱ्हायला. तुमीच सांगा."

मी सांगितलं. पण माझ्या सांगण्यानं काय होणार होतं? पोलिसांच्या पंचनाम्यात 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहून झालं होतं. पारावर कुणीतरी दारूचं जोडलं, आणि गावानं ते धरून ठेवलं. मिलिटरीवाला म्हणजे पिणारा, एवढं पुरे होतं. बर्फात ज्या माणसानं एकाही जवानाला चटका बसू दिला नाही, तो स्वतःच्या अंगणात निष्काळजी ठरला. माझं डोकं तापलं.

वहिनींनी पुढं सांगितलं ते असं. मशीन पहिल्या महिन्यापासून हाताला मुंग्या आणत होतं. गळणारा करंट जमिनीत जावा म्हणून सदाशिवनं स्वतः खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं. प्लगही तीन पिनांचा लावला. तरी मुंग्या थांबेनात. मशीन उघडून बघावं, तर झाकणावर दुकानाचं सील होतं. उघडलं तर गॅरंटी जाणार. म्हणून दोनदा ते एसटीच्या टपावर टाकून बारामतीला नेलं. दुकानदारानं दोन्ही वेळा न उघडताच परत दिलं. थोडं असतंच म्हणाला, रबरी चप्पल घालून काम करा. त्या दिवशी चप्पल पायात होती. पण एक हात जमिनीला टेकलेल्या ग्रिलवर होता आणि दुसरा मशीनच्या करंट कमी करायच्या लोखंडी चाकावर गेला.

मशीन अंगणातच होतं. गावच्या बुद्धविहाराच्या खिडक्यांची ग्रिलं अर्धवट पडली होती. भिकू मला म्हणाला, "आबा, दादाचं काम मी पुरं करतो. लाईट आली की आजच लावतो मशीन."

मी उठलो. "हात लावायचा न्हाय. पाना-पक्कड आण."

लाईट यायला वेळ होता. प्लग काढून माझ्या पायाखाली ठेवला. सील तोडलं, झाकणाचे बोल्ट काढले. पहिली गोष्ट दिसली ती केबल. प्लगकडून आत तीन तारा येत होत्या. त्यातली हिरवी अर्थची तार बॉडीला जोडलेलीच नव्हती. झाकणाच्या आत ती छाटून, चिकटपट्टी गुंडाळून वर मशीनचाच रंग मारला होता. दुसरी गोष्ट, पत्र्याच्या ज्या भोकातून केबल आत घेतली, त्याला रबराची चकती नव्हती. मशीन चालताना थरथरतं. त्या थरथरीनं पत्र्याच्या धारेवर घासून फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेचं आवरण फाटलं होतं. तांबं उघडं होतं आणि पत्र्याला टेकलं होतं.

सदाशिवचा खड्डा, कोळसा, मीठ, तिसरी पिन, सगळं बरोबर होतं. त्या तारेच्या आतल्या टोकालाच काही नव्हतं.

मी भिकूला पाराकडं पाठवलं. बोलणारे सगळे बोलावून आण म्हटलं. लाईट आली तेव्हा अंगण भरलं होतं. मी सिरीजमध्ये एक बल्ब लावून टेस्ट लॅम्प केला, म्हणजे दोन टोकांमध्ये जोड असला तरच पेटणारा बल्ब. एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं मशीनच्या बॉडीला. बल्ब लागला नाही. मग एक टोक फेजच्या पिनला, दुसरं बॉडीला. बल्ब लख्ख पेटला.

मी म्हणालो, "जिथं लागायला पायजे तिथं लागला न्हाय. जिथं लागायला नको तिथं लागला. अर्थ जोडलेली असती तर फ्यूज उडाला असता आणि सदाशिव शिव्या देत उठला असता. यात दारू कुठं हाय, ती मला दाखवा."

एकेक जण निघून गेला. शालनवहिनी बल्बकडं बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि भिकू मशीन घेऊन बारामतीला गेलो. दुकानदारानं झाकणाकडं पाहिलं आणि म्हणाला, "सील तोडलंय. आता आमची जबाबदारी नाही."

माणूस गेल्याचं मी सांगितलं. त्यानं कानावर आलं होतं, वाईट झालं म्हटलं, पण वापरणाऱ्यानं बघून वापरायला हवं, असंही म्हटलं. वर स्वतःच्या बाजूनं बोलला, "याच लॉटचं एक कळसच्या तात्यांना दिलंय. त्यांची काही तक्रार नाही."

पुढं वाद घालत बसलो नाही. मशीन तिथंच काउंटरसमोर टाकलं आणि मिळेल त्या एसटीनं कळस गाठलं.

तात्यांचं घर शोधावं लागलं नाही. ठिणग्या रस्त्यावरून दिसत होत्या. वय झालेला माणूस, एके काळी मेंढरं राखलेली, आता लोकांच्या ट्रॉल्या जोडून द्यायचा. अंगणात नुकताच सडा घातलेला. तात्या अनवाणी, ट्रॉलीच्या फाळक्याला वेल्डिंग मारत होते. मशीन ओल्या जमिनीवर. मी ओरडून थांबवलं असतं तर दचकून त्यांचा हात कुठं पडला असता कुणास ठाऊक. ओसरीत बोर्ड दिसला. धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

तात्या चिडले. "कोण रं तू? इचारल्याबिगर बंद करतूस?"

"तात्या, मशीनला हात लावू नका. मुंग्या येत्यात का?"

त्यांनी डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच खाली केली. "येत्यात की. दुकानदार म्हनला, थोडं असतंच."

भिकूनं प्लग काढून हातात धरला आणि सदाशिवचं, दुकानातलं, सगळं तात्यांना सांगितलं. मी झाकण उघडलं. तीच छाटलेली हिरवी तार, तोच रंग. फेजच्या तारेचं आवरण अर्धं घासलं होतं. तांबं पत्र्याला टेकायला अजून थोडेच दिवस लागले असते. तात्यांनी वाकून ती तार बघितली. मग म्हणाले, "मग सांगाय का आला न्हाय तो दुकानदार? त्याला ठावं हुतं की सदाशिवचं."

ते मशीन मी तिथंच दुरुस्त केलं. भोकाला रबर बसवलं, तार बदलली, अर्थ बॉडीला बोल्टनं आवळली आणि टेस्ट लॅम्प लावून तात्यांना दाखवलं. मग ते स्वतः माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. जमादारानं ऐकून घेतलं आणि प्रकरण बंद झालंय म्हणून सांगितलं. आम्ही पुन्हा गेलो, आणखी वरही गेलो. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द आजही तसेच आहेत. दुकानदारानं मात्र त्या प्रकारची मशीनं विकायला ठेवणं बंद केलं. त्याला शिक्षा झाली नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

विहाराची ग्रिलं भिकूनं दुसऱ्या मशीनवर पुरी केली. मी शेजारी उभा होतो.

दर सव्वीस जानेवारीला आम्ही माजी सैनिक इंदापूरला जमतो. शहीद झालेल्यांची नावं घेऊन दोन मिनिटं उभे राहतो. पहिल्या वर्षी मी सदाशिवचं नाव सांगितलं, तेव्हा एक निवृत्त सुभेदारसाहेब हळू आवाजात म्हणाले, "हवालदार, तो घरी असताना गेला. ड्युटीवर नव्हता."

मी सावधान उभा राहून उत्तर दिलं, "साहेब, वेल्डर होता. वेल्डिंग करताना गेला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग टोपी नीट केली आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाले, "नाईक सदाशिव कांबळे. अंथुर्णे."

मागच्या रांगेत शालनवहिनी होत्या. त्या उभ्या राहिल्या. मग सगळेच उठले आणि आम्ही दोन मिनिटं तसेच उभे राहिलो.