चाचांच्या नावावरचा डोस

क्रांती चौकाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. काम शिकवलं चाचांनी. ते पैठणचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. रोज सकाळी पहिला प्रश्न, "बॅज लावला का बेटा?"

बॅज म्हणजे छातीला लावायची प्लॅस्टिकची चपटी डबी. आत एक कार्ड, कार्डात स्फटिकांच्या भुकटीच्या चकत्या. किरणं पडली की हे स्फटिक त्यांचा थोडा अंश धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी कार्डं लॅबला जातात. तिथं चकत्या तापवल्या की त्या क्षणभर उजळतात, आणि त्या उजेडावरून कोणाला किरणांचा किती डोस बसला ते कळतं. "आपण विसरतो, हे विसरत नाय," चाचा म्हणायचे.

एका शुक्रवारी घरी जेवता जेवता चाचा गेले.

सोमवारी नव्या कार्डांचं पाकीट आलं. यादीत त्यांचं नाव होतंच. त्यांचा बॅज त्यांच्या शिशाच्या ॲप्रनला तसाच होता. ॲप्रन एक्स-रेच्या खोलीत, टेबलामागच्या कोपऱ्यात टांगलेला. मी रडत होते आणि हात सवयीनं चालले होते. चाचांच्या बॅजमध्येही नवं कार्ड घातलं गेलं.

मग मी एकटीच. एकदा वैजापूरकडच्या एक आजी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "त्या बाबाला भायेर धाड की. लई येळ झाला, उभाच हाय." खोलीत आम्ही दोघीच होतो. मी दिवा लावून ॲप्रन दाखवला. "व्हय का," त्या म्हणाल्या, पण फोटो होईस्तोवर डोळे उघडले नाहीत.

तीन महिने भरले. कार्डं गोळा करताना चाचांचंही निघालं. कोरंच येणार असं धरून मी ते पाकिटात टाकलं.

काही आठवड्यांनी लॅबमधून फोन आला. "तुमच्या एका कर्मचाऱ्याचा डोस जास्त दिसतोय. तुमच्यापेक्षा बराच. ते नेमकं काय काम करतात?"

"ते वारले."

"कधी?"

"हे कार्ड यायच्या आधी."

मग तो माणूस सावकाश म्हणाला, "मॅडम, बॅज होता कुठं?"

मी काचेतून आत पाहिलं. ॲप्रन खांदे पाडून भिंतीला होता. प्रत्येक फोटोला मी शिशाच्या काचेआड उभी होते. पेशंटच्या अंगावरून उसळलेली किरणं त्या कोपऱ्यात जात होती आणि कार्ड ती धरून ठेवत होतं. सगळं समजत होतं. तरी त्या दुपारी पुढचा पेशंट येईपर्यंत मी खोलीत पाऊल टाकलं नाही.

लॅबला पत्र गेलं, नाव यादीतून निघालं. मग चाची चाचांचा चष्मा आणि वह्या न्यायला आल्या. त्यांना मी हे का सांगितलं, माहीत नाही.

"म्हणजे ते तिथंच व्हते?"

"बॅज होता, चाची."

"नाव तर त्यांचंच व्हतं ना?"

त्यांना जागा पाहायची होती. मशीन बंद होतं. त्या कोपऱ्यात जाऊन ॲप्रनशेजारी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आता काय राहिलंय का हितं?"

"नाही. मशीन थांबलं की किरणं संपतात. भिंतीत काही राहत नाही."

"आन् त्या कार्डात?"

"ते तापवलं. तापवलं की क्षणभर उजेड पडतो आणि कोरं होतं. मग दुसऱ्या कोणाला तरी देतात."

चाचींनी मागच्या भिंतीवर तळवा टेकवला. "उजेड पडला तो कुणी बघितला?"

"यंत्रानं."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना रिक्षात बसवून आले. ॲप्रन त्याच दिवशी काढून स्टोअरमध्ये ठेवला. भिंतीचा रंग सगळीकडं मळलेला, तिथं तेवढा माणसाएवढा पट्टा स्वच्छ निघाला. रंगारी दोनदा येऊन गेला; तो कोपरा राहू दे, असं मीच त्याला सांगितलं.