काळूचा पोंक

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही — बायकोजवळ तर नाहीच. तिलाच सांगायला हवं होतं. आता ती नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. ऐकून बरं वाटणार नाही, आधीच सांगतो.

काळू आमचा कुत्रा. सुरतेत, उधन्याच्या चाळीत बायकोनं, सखूनं पाळलेला. ती धुळ्याकडून नवी आलेली, गुजराती येईना, मी गिरणीत — दिवसभर बोलायला तिला तोच. पण काय शिस्त लावली होती हो! पुढ्यात भाकरी टाकली तरी 'घे' म्हटल्याशिवाय तोंड लावायचा नाही. एवढा धीर मी माणसांत पाहिला नाही. माझ्यात तर नाहीच.

थंडीत तापीकाठी पोंक निघायचा. म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतकरांपुढे तसं म्हणायची सोय नाही! पोंक विकणाऱ्या मणीबेनच्या शेतात खाटेवर बसायचं. समोरच कणसं निखाऱ्यात भाजायची, कापडात बांधून काठीनं बडवायची, अन् ते कोवळे हिरवे दाणे शेव-लिंबासोबत — आहाहा! मणीबेन काळूलाही पानावर वेगळं वाढायची. 'घे' ऐकेपर्यंत तो लाळ गाळत बसायचा, आणि ती सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची, "जुओ, केटलो डाह्यो छे!" — बघा, किती शहाणा आहे! तेव्हा सखूचं तोंड बघावं. परक्या गावात तिचं कौतुक व्हायचं ते एवढंच.

त्या रविवारी शेजारच्या खाटेवर आमचा जॉबर, गिरणीतला मुकादम, बायकापोरांसह. मी बदली कामगार. मला कायम करणं त्याच्या हातात. नमस्कार करायला मी अशा लगबगीनं उठलो, की माझ्या पायानं त्यांची थाळी — सगळी मातीत. तो पाठमोरा, मणीबेनकडे शेव मागत होता. वळला.

"कोणी सांडलं हे?"

मी — मी काळूकडे बोट केलं.

दाणे त्याच्या नाकापुढे पडले होते. एकालाही त्यानं जीभ लावली नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होता, 'घे' म्हणतोय का म्हणून. तेवढं कोणी नीट पाहिलं असतं, तर माझी अब्रू तिथंच गेली असती. पण जॉबरनं पोंक बडवायची काठी उचलली. काळू केकाटला, चावला मात्र नाही. पाणी आणायला गेलेली सखू धावत आली. "मन्हा काळू तसा नही शे!" — आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो असेन? "मी डोळ्यांनी बघितलं." मग माझ्या बायकोनं त्या माणसापुढे हात जोडले.

पुढे मी कायम झालो. त्याचा याच्याशी संबंध होता का? नसेलही.

काळूच्या गळ्यात दोरी आली. पोंक खायला आम्ही दोघंच जायचो. सखू मूठभर दाणे पदरात बांधून आणायची, त्याच्यापुढे ठेवायची, पण 'घे' म्हणायची नाही. मान खाली घालायला लावली म्हणून रुसली होती त्याच्यावर, ती शेवटपर्यंत. "तुम्हीच म्हणा," म्हणायची.

मी म्हणायचो. तो शेपूट हलवत खायचा.