लेले सरांचा कुणावरच भरवसा नव्हता

आमच्या कंपनीत सेफ्टीच्या कॉम्प्युटर परीक्षेत दहापैकी दहा मिळवणारा पहिला कामगार मी. त्या दहातला एकबी प्रश्न मला वाचता आला नव्हता.

ही गोष्ट अख्ख्या महाडच्या एमआयडीसीत एकाच माणसाला पहिल्यापासून ठाऊक होती, ते म्हणजे लेले सर. सर आता नाय. त्यांच्याबद्दल कुणी काय लिहिलेलं नाय, म्हणून मी बोलतोय आणि माझी पोरगी लिहितेय. मधे मधे ती मान हलवते, पण लिहितेय.

लेले सर आमच्या केमिकलच्या कंपनीत सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायचे. राहायला महाड गावात, बोलणं पुस्तकासारखं, आणि संशय एवढा की खुर्चीवर बसायच्या आधी तिचे चारी पाय हलवून बघणार. जिन्याच्या कठड्याला हिसका दिल्याशिवाय पायरी चढणार नाय. प्यायच्या पाण्याचा आधी वास घेणार. कँटीनवाल्याला त्याचा फार राग यायचा. एकदा त्यानं तोंडावर विचारलं, तर सर म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास नाही. माझा माझ्यावरही नाही. म्हणून तर या वयात दोन्ही डोळे शाबूत आहेत."

त्यांच्या वर्गात 'समजलं' म्हणायची बंदी होती. कुणी म्हणालं की सर त्यालाच उठवायचे. "तोंडानं सगळ्यांनाच समजतं. हातानं दाखव." ॲसिड डोळ्यांत उडालं तर पळत जाऊन ज्या शॉवरखाली उभं राहायचं, तो शोधायला ते डोळ्यांवर टॉवेल बांधून पाठवायचे. म्हणायचे, डोळ्यांत ॲसिड गेल्यावर डोळे काय वाट दाखवणार, पायांना शिकवून ठेवा. माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत निघालो. चाचपडत चाचपडत हाताला साखळी लागली. ओढली. धो धो पाणी आल्याचा आवाज झाला, पण अंगावर थेंब नाय. टॉवेल काढला तर मी संडासात. सगळी शिफ्ट पोट धरून हसत होती. सर हसले नाय. एवढंच म्हणाले, "परत."

मी परत गेलो आणि सायकल स्टँडवर पोचलो. मग अजून एकदा परत. माझ्यापायी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण थंड झालं. पण पुढे आमच्या सकपाळच्या तोंडावर कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं, तेव्हा तो डोळे गच्च मिटून सरळ शॉवरखाली जाऊन उभा राहिला. सकपाळ आमच्याच पोलादपूरच्या अंगाचा, माझ्या बाजूच्या सीटवर बसून कंपनीच्या बसनं यायचा. आजबी त्याला लांबून बस कुठली हाय ते दिसतं.

मग कॉम्प्युटर आले. कँटीनच्या बाजूच्या खोलीत तीन मांडले आणि मुंबईहून एक तरुण साहेब आला. त्यानं सांगितलं की आता वर्गाची गरज नाय, ज्यानं त्यानं आपला नंबर टाकून बसायचं, चित्रं बघायची, शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं दाबायची. केव्हाबी शिका, कसंबी शिका. सात बरोबर आले की नावापुढे हिरवी खूण, आणि हिरवी खूण असेल तरच आमच्यासारख्या ठेकेदाराच्या माणसाचा गेटपास वाढणार. लेले सरांचा वर्ग महिनाअखेर बंद. जाता जाता साहेब हेबी म्हणाला की यामुळे कुणालाबी काढणार नाय.

सर माझ्या पाठीमागे उभे होते. हळूच म्हणाले, "न विचारता सांगितलं, म्हणजे ठरलंय."

झालं. त्या दिवसापासून आम्हीबी सगळे लेले सर झालो. कॉम्प्युटरच्या खाली एक बारका दिवा जळायचा, त्यातून मुंबईला आपलं तोंड दिसतं असं कुणीतरी उठवलं. मी भांग पाडून बसायला लागलो. सकपाळनं सरळ त्या दिव्यावर टोपी अडकवली. 'केव्हाबी'चा अर्थ शिफ्ट सुटल्यावर, आपल्या टायमात, हे दोन दिवसांत कळलं. त्यात लाईट जायची. आठव्या चित्रावर गेली की परत पहिल्यापासून.

माझी गोष्ट वेगळीच होती. मी दुसरीत दोन वर्षं काढली आणि तिसरीच्या वाटेला गेलो नाय. सही येते, बसची पाटी येते, बाकी अक्षर दिसलं की मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला. कंपनीत माझं हे कुणाला ठाऊक नाय असा माझा समज होता. एकदा सरांनी विचारलं, "गणपत, तुझ्या चष्म्याचा नंबर काय?" मी म्हणालो, सर, घराचा नंबर बी माझ्या लक्षात राहत नाय. त्यानंतर सरांनी मला कधी काय वाचायला सांगितलं नाय.

कॉम्प्युटरवर मी पहिल्या दोन खेपांना आपटलो. लाल खूण. घरात कमावणारा मी एकटा, आणि गेटपास गेला तर परत डोंगरावर नाचणी करायला जायचं, तीबी भावाच्या वाट्याची. तिसऱ्या खेपेला नुसतं बघत बसलो. प्रश्नाखाली चार ओळी यायच्या. बघता बघता ध्यानात आलं की खरं उत्तर नेहमी लांब असतं. खोटं उत्तर लिहिणारा दोन शब्दांत आटपतो, खऱ्याला सगळं नीट सांगावं लागतं. मी लांब ओळ दाबत गेलो. दहापैकी दहा. हिरवी खूण.

मागे वळलो तर लेले सर. हात पाठीमागे बांधून उभे. म्हणाले, "तिसरा प्रश्न कशाबद्दल होता?"

मी म्हणालो, "सेफ्टीबद्दलच होता, सर."

सर निघून गेले. पण माझी झोप गेली. ह्यांना आपला वर्ग वाचवायचा तर माझं नाव घेतलं की झालं. बघा साहेब, ह्याला वाचता येत नाय आणि तुमचं मशीन ह्याला दहापैकी दहा देतं. त्यांच्या जागी मी असतो तर त्याच दिवशी सांगितलं असतं. सर मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरताना दिसले की मी पिंपांच्या आड व्हायचो. बायको म्हणाली, "अवो, कायतरी घेऊन जावा त्यांच्याकडं." मी फणस घेऊन सरांच्या घरी गेलो.

सरांनी दारातच फणस वाजवून बघितला, वास घेतला आणि म्हणाले, "फणस घेऊन आलास म्हणजे काहीतरी चुकलंय. बोल."

मी बोललो. सरांनी फणसाचा देठ दाबून बघितला. मग म्हणाले, "मी सांगितलं, तर ते उत्तरांची लांबी सारखी करतील आणि तुला घरी बसवतील. माझा वर्ग तरीही बंदच. सांगणार नाही मी. पण तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." आणि फणस परत दिला. तो डोक्यावर घेऊन मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. शेवटच्या वाक्यानं माझी झोप परत गेली.

महिना संपत आला तेव्हा मुंबईचा साहेब परत आला. कँटीनमध्ये सगळी शिफ्ट बसवली. मॅनेजर पुढे, लेले सर दाराशी, एक पाय बाहेर ठेवून. आधी कळवल्याप्रमाणं साहेबानं माझं नाव पुकारलं. म्हणाला, हे आपले पहिले आलेले कामगार, हे सांगतील कॉम्प्युटरवर शिकणं किती सोपं हाय. सकपाळनं बसमध्ये माझ्याकडून भाषण पाठ करून घेतलं होतं. कंपनीचे आभार, मशीनचे आभार, खाली बसायचं. पण समोर एवढी माणसं बघितली की माझ्या तोंडाला खाज सुटते. ते माझं जन्माचं दुखणं हाय.

म्हणालो, "साहेब, लईच सोपं हाय. वाचायची बी गरज नाय. सगळ्यात लांब ओळ दाबायची."

मला वाटलं, छप्पर उडेल हसून. कुणी हसलं नाय. सगळी शिफ्ट आपापल्या बुटांकडं बघायला लागली. सकपाळ तर टेबलाखालीच वाकला. तेव्हा मला कळलं की मी माझ्याच तोंडानं माझा गेटपास फाडलाय.

मॅनेजरनं सरांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का. सर म्हणाले, "होतं. हा माणूस वाईट नाही. त्याला वाचता येत नाही, ते त्यानं लपवलं. तुमच्या यंत्राला तो काय करू शकतो ते कळत नाही, ते तुम्ही लपवलंत. त्याला माझ्याकडे पाठवा, मग काढायचं का ठेवायचं ते ठरवा."

माझी हिरवी खूण तिथंच पुसली. पण त्या दिवसानंतर नियम बदलला. कॉम्प्युटर राहिले, लांब ओळी छाटल्या, आणि हिरव्या खुणेनंतर लेले सरांपुढे हातानं करून दाखवल्याशिवाय गेटपास वाढेनासा झाला. ज्याला वाचता येत नाय त्याला सर प्रश्न वाचून दाखवायचे. वाचायचे ते असं की आवाजावरनंसुद्धा उत्तराचा पत्ता लागायला नको. मला पास व्हायला पावसाळा उजाडला, तोवर सरांच्या शब्दावर माझा गेटपास आठवड्या-आठवड्यानं वाढत राहिला. सरांचा वर्ग मात्र आठवड्यातून दोन दिवस चालू राहिला, ते रिटायर होईपर्यंत.

रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांच्या स्कूटरपाशी गेलो. सर दोन्ही ब्रेक दाबून बघत होते. मला भरून आलं होतं, आणि जरा फुगलोबी होतो. म्हणालो, सर, मी त्या दिवशी बोललो म्हणून तुमचा वर्ग वाचला. कंपनीत एकटा अडाणी मी, पण कामाला आलो.

सरांनी स्कूटरचा आरसा हलवून बघितला.

"एकटा कसला? अर्धी शिफ्ट लांब ओळच दाबत होती. त्यांना तोंड बंद ठेवता येत होतं, एवढाच फरक."