यादीतलं सातवं नाव

महमूदभाई गेल्याचा फोन सकाळी दहाच्या सुमाराला आला. दहा वाजता घड्याळाकडे पाहायची माझी जुनी सवय आहे, म्हणून वेळ लक्षात राहिली. फोनवर त्यांची मुलगी नसरीन होती. "बाई, अब्बा गए," एवढंच म्हणाली. मुकुंदवाडीहून रिक्षानं गुलमंडीमागच्या त्यांच्या गल्लीत पोचले, तेव्हा माणसं जमली होती. मी बायकांत जाऊन बसले. बसल्या जागेवरून समोरच्या इमारतीचा वरचा मजला दिसत होता. तिथं आता कसलासा क्लास चालतो. पण खिडक्या त्याच आहेत.

मनवा, निखिल, तुम्ही तिकडून फोनवर दोनदा विचारलंत की आजी, लग्नाआधी तू शेअर बाजारात होतीस म्हणजे नक्की काय करत होतीस? दोन्ही वेळा मी विषय बदलला. महमूदभाई जाऊन आता पाच आठवडे झाले आहेत आणि लिहायला बसले आहे. हे पुरवणीत छापून आलं की तुमचे बाबा तुम्हाला पाठवतील. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, ते बरंच आहे. सावकाश वाचा.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनला तीनएक वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, पण त्याची भाषा कागदावरून गेली नव्हती. आमच्या शहरात दलालांचा एक छोटा शेअर बाजार होता. बाजार म्हणजे काय, कापडाच्या दुकानावरचा एक लांबट दिवाणखाना, दोन बाकं, एक फळा, आणि मुंबईहून तारेनं येणारे भाव. सभासद इनमिन चौदा. या बाजाराचं नियमांचं पुस्तक उर्दूत होतं. नव्या सरकारची मान्यता हवी, तर पुस्तक इंग्रजीत हवं आणि त्यातले जुने संदर्भ काढलेले हवेत, असं वरून पत्र आलं. मी हैदराबादेहून बी. ए. होऊन नुकतीच परतले होते आणि मला टायपिंग येत होतं. कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या वडिलांना विचारलं, वडिलांनी मला. तेव्हा मुली अशा ठिकाणी जात नसत, पण माझ्यासमोर बसणार होते बाजाराचे मुन्शी महमूदभाई, आणि त्यांच्याविषयी सगळ्या गावाला खात्री होती.

ते पस्तिशीचे असतील. बारीक अंगाचे, शेरवानीच्या वरच्या बटणापर्यंत व्यवस्थित. आमची कामाची पद्धत अशी, की ते एकेक कलम उर्दूतून मोठ्यानं वाचत, अर्थ सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे, आणि जे कालबाह्य ते तिथंच काढायचं. काढण्यासारखं पुष्कळ होतं. बादशहाच्या वाढदिवसाची सुट्टी. शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी. सुभेदारसाहेबांकडे करायचं अपील... सुभेदारच उरला नव्हता. निजामी पंचांगातले आजूर, बहमन असे फसली महिने. एक कलम असं होतं, की सभासदानं उघड्या डोक्यानं आत येऊ नये. मी म्हटलं, "हे काढायचं ना?" तर महमूदभाई आपली टोपी चाचपत म्हणाले, "काढा. पण अध्यक्षांना विचारून काढा, त्यांना टक्कल आहे."

काढायची त्यांची एक रीत होती. जुन्या दफ्तरात तिला कलमजद म्हणत. लाल शाईनं शब्दांवरून एकच बारीक रेघ, हातानं, पट्टी न धरता. गिरगोटायचं नाही, खरवडायचं नाही. आणि समासात काढणाऱ्याची सही, निदान एक अक्षर. ते उर्दूतला मीम, म्हणजे आपला म, काढत, इवलासा. पहिल्याच दिवशी मी उत्साहानं एक ओळ काळी करून टाकली, तेव्हा त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. "बाई, खालचं वाचता आलं पाहिजे. उद्या कुणी विचारलं इथं काय होतं, तर दिसलं पाहिजे. आणि कुणी काढलं, तेही दिसलं पाहिजे." मी हो म्हटलं. पट्टी मात्र सोडली नाही. माझ्या रेघा सरळ आणि जाड येत, त्यांच्या किंचित थरथरत्या. ते हसायचे. "तुमची रेघ कॉलेजात शिकलेली आहे."

त्या बाजाराचा एक नियम मला तुम्हाला नीट सांगायला हवा. सकाळी दहा वाजता, पहिला भाव फळ्यावर लिहिण्याआधी, सगळ्या सभासदांची नावं पुकारायची. जो आत नसेल, त्याच्या नावानं गल्लीकडच्या खिडकीतून तीनदा हाक द्यायची. खाली चहा पीत उभ्या असलेल्या माणसाचा पहिला भाव चुकू नये, म्हणून हा नियम. हाक मारायचं काम चपराशी रामभाऊंचं. ते फुलंब्रीकडचे धनगर, लिहिता-वाचता येत नसे, पण चौदा नावं क्रमानं पाठ. आणि आवाज असा, की माळावरची मेंढरं वळतील. सातवं नाव होतं यूसुफमियाँ. यूसुफमियाँ म्हणजे महमूदभाईंचे थोरले भाऊ.

पोलीस ॲक्शनच्या त्या सप्टेंबरात यूसुफमियाँ उस्मानाबादकडे गेले होते. त्यांच्या बायकोचे आईवडील तिथं एका खेड्यात होते. तिनंच म्हटलं होतं, जाऊन त्यांना इकडे घेऊन या. ते गेले आणि परत आले नाहीत. तिचे आईवडीलही नंतर कुणाला भेटले नाहीत. त्या दिवसांत तिकडे खेड्यांतल्या मुसलमानांचं काय झालं, हे आमच्याकडे घरात बोलत नसत. पाहिलेलं कुणी नाही, प्रेत नाही, चिठ्ठी नाही. पुस्तकातून नाव निघायचं तर सभासदानं राजीनामा द्यावा, मरावं, किंवा कमिटीनं नाव काढावं. तिन्हीतलं काही झालं नव्हतं. म्हणून रामभाऊ रोज सकाळी सहावं नाव झालं की खिडकीशी जात आणि गल्लीत तीनदा हाक देत. यूसुफमियाँ हो... मध्ये थांबत. खाली सायकली जात, समोरच्या घराच्या खिडकीवरची वेळूच्या काड्यांची चिक, पडदाच तो, जराशी हलत असे. त्या चिकेमागे यूसुफमियाँची बायको उभी असायची. भाभी. मला हे कळायला महिना लागला.

"रामभाऊ, जो माणूस येणारच नाही, त्याला का हाका मारता?" मी एकदा विचारलं.

"नाव हाय तवर हाक मारायची बाई. नेम हाय त्यो. आन् येणार न्हाय आसं तुमाला कुनी सांगितलं?"

पुस्तकाच्या शेवटी सभासदांच्या यादीचं पान होतं. त्या पानाशी आम्ही पहिल्यांदा पोचलो, तेव्हा महमूदभाईंनी त्यात मोरपीस घातलं आणि मागचं पान उघडलं. "हे शेवटी. हे मी पाहीन." मी कामाच्या क्रमाचाच विचार करत होते. शेवटी म्हणजे शेवटी.

मग ते विषमज्वरानं आजारी पडले. तीन आठवडे. अध्यक्षांना पुस्तक हैदराबादला पाठवायची घाई झाली होती, आणि माझं सगळं टाईप होऊन एक तेवढंच पान उरलं होतं. मोरपीस काढून मी ते उघडलं. चौदातले तेरा सभासद रोज डोळ्यांसमोर होते. चौदावा नव्हता. जुने संदर्भ काढा, असं पत्रात लिहिलं होतं. महमूदभाईंना स्वतःच्या हातानं भावाचं नाव काढावं लागू नये म्हणून मी ते केलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मला काम पुरं करायचं होतं. मी पट्टी ठेवली आणि रेघ मारली. समासात अक्षर घालायचं विसरले. तोपर्यंत त्यांच्यासमोर बसून कधी विसरले नव्हते. इंग्रजी यादी तेरा नावांची झाली. कमिटीनं सगळं पुस्तक एका बैठकीत, चहा निवायच्या आत मंजूर केलं. यादी कुणी मोजली नाही.

सोमवारपासून नवं पुस्तक लागू. शनिवारी रामभाऊ माझ्या टेबलाशी आले. "बाई, नव्या वहीत काय फेर असंल तर सांगा. मला वाचता येत न्हाय." मी नावं वाचली, ते बोटांच्या पेरांवर धरत गेले. शेवटी हात तसाच धरून म्हणाले, "यूसुफमियाँ ऱ्हायले की."

"ते आता नाहीत."

"न्हाईत म्हंजी?"

"यादीत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पटका नीट केला आणि जिना उतरून गेले.

सोमवारी दहा वाजता मी माझ्या जागेवर होते. एक, दोन, तीन... सहावं नाव झालं. रामभाऊ थांबले. पाय सवयीनं खिडकीकडे वळले होते. तसेच ते उभे राहिले, जेवढा वेळ तीन हाकांना लागायचा तेवढा. मग ते वळले आणि आठवं नाव घेतलं. समोरची चिक जागच्या जागी होती. पहिला भाव फळ्यावर लिहून होईपर्यंत ती तशीच होती. त्यानंतर ती पूर्ण वर गेली, अगदी वरपर्यंत, आणि भर दिवसा उघड्या खिडकीत मी भाभींना पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावरची ओढणी घसरलेली, दोन्ही हात खिडकीच्या गजांवर. त्या आमच्या खिडकीकडे बघत होत्या. अजून हाक यायची आहे, अशा बघत होत्या.

त्याच दुपारी त्यांनी बांगड्या फोडल्या, गळ्यातली काळी पोत काढली आणि विधवेच्या इद्दतीला बसल्या. चार महिने दहा दिवस. त्यांच्या हिशेबानं नवरा त्या सोमवारी गेला.

महमूदभाई काठी धरून कामावर आले, तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्यांनी जुनं पुस्तक मागितलं. यादीचं पान उघडून बसले. मी उभीच होते. बऱ्याच वेळानं त्यांनी लाल दौत मागितली, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले आणि पुस्तक मिटलं.

"भाईसाहेब, माझी चूक झाली," मी म्हणाले.

"काम साफ झालंय बाई," ते म्हणाले. "तारीख तेवढी राहिली होती."

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तो बाजार पुढं पाच-सहा वर्षांत बंद पडला. माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले. महमूदभाई कोर्टात अर्ज लिहून देत. दर ईदला मी त्यांच्या घरी जात असे, तुमचे बाबा लहान असताना त्यांनाही नेत असे. भाभी माझे फार लाड करत. शीरखुर्म्याची वाटी स्वतः आणत, गालाला हात लावत. ती रेघ माझी, हे त्यांना ठाऊक नसावं, असं वाटून मला बरं वाटे. एक गोष्ट मला दिसायची. महमूदभाई तिथंच दोन हातांवर बसलेले असत, आणि भाभी नसरीनला सांगत, "अब्बा को बोल, चाय हो गई." तेही नसरीनलाच सांगत, "चाची को बोल, शक्कर कम डालो." मला वाटायचं, विधवा भावजय, घरचा पडदा, रीत असेल. बरोब्बर दहा वाजता महमूदभाई बोलता बोलता थांबत. मी पण थांबत असे. मग आम्ही दुसऱ्याच विषयावर बोलायला लागत असू.

भाभी जाऊन अकरा वर्षं झाली.

महमूदभाई गेल्यावर तीन आठवड्यांनी नसरीननं बोलावलं. कपाट आवरत होती. फडक्यात बांधलेलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं. "बाई, इसमें तुम्हारी अंग्रेजी है. हमको क्या समझेगी? ले जाव." मग चहा टाकता टाकता सहज म्हणाली, "चाची आखिर तक अब्बा से बात नै किए ना... चालीस साल. मरते बखत बी मुँह फेर लिए."

"का गं?" मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

"नाम काटे सो. चाची पूछे, कौन काट्या? अब्बा बोले, मैं काट्या."

चहा घेतला. घरी येऊन फडकं सोडलं. ते जुनं पुस्तक, उर्दू कलमांच्या ओळी आणि ओळींमध्ये पेन्सिलीनं माझी बारीक इंग्रजी. शेवटच्या पानात ते मोरपीस अजून आहे. सातव्या नावावर रेघ आहे, जाड, सरळ, पट्टीनं मारलेली. त्या सबंध पुस्तकात त्यांची एकही रेघ अशी नाही. उर्दू न येणाऱ्यालाही कळेल, की ही दुसऱ्या हाताची आहे. आणि समासात, मी रिकाम्या सोडलेल्या जागेत, तारीख नाही, इवलासा मीम.

त्या घरात दोन माणसं चाळीस वर्षं एका छपराखाली राहिली आणि माझ्या रेघेमुळे एकमेकांशी बोलली नाहीत. मला वाटीभर शीरखुर्मा मिळत राहिला. भाभींना सांगायला आता उशीर झाला आहे आणि महमूदभाईंनी मला कधीच कळू दिलं नसतं. त्यांनी पुस्तक मला द्यायला सांगितलं होतं का, असं मी नसरीनला विचारलं. ती म्हणाली, नाही.

काल सकाळी मी लाल शाई आणवली. दुकानदाराला वाटलं, आजी अजून पेपर तपासतात. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, आणि त्या मीमच्या शेजारी माझं अक्षर घातलं. त्याखाली कालची तारीख. या वेळी पट्टी घेतली नाही. त्यांच्या अक्षराला मी हात लावला नाही. खालचं वाचता आलं पाहिजे.

शाई वाळेपर्यंत दहा वाजले. घरात कुणी नव्हतं. मी खिडकीशी गेले आणि ते नाव घेतलं, रामभाऊंसारखं नाही, साध्या आवाजात. तीनदा. प्रत्येक वेळी ते थांबत तेवढीच थांबले. खाली रस्त्यावर भाजीवाला होता. त्यानं वर पाहिलं आणि हातानंच विचारलं, काय हवं? मी मान हलवली... आणि तिसऱ्या हाकेनंतरची थांबायची वेळ होईपर्यंत खिडकीतच उभी राहिले.