पिकअपचा निळा लाइट

पिकअपला एचआयडी म्हणतात तसले झगझगीत लाइट बसवायचे ठरले तेव्हा माझ्या नवऱ्याने साऱ्या जगाचे मत घेतले. पानठेल्यावरच्या मित्रांचे घेतले, राइस मिलवाल्याचे घेतले, कोंढ्याच्या बाजारात ज्याच्या गाडीला तसला लाइट होता त्याला तर खोदून खोदून विचारले. माझे आणि सासूचे मत मात्र कोणी विचारले नाही. आम्ही दोघी रोज त्याच रस्त्याने पायी जायचो आणि तो गाडीत बसून जायचा, तेव्हा रस्त्यातले आम्हाला काय कळणार!

तोवर गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यापासून वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती आणि गावागावांत पिकअप आल्या होत्या. आमची गाडी पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या बाया वाहायची. सकाळी दुसऱ्या गावच्या शेतावर न्यायच्या, दिवेलागणीला परत आणायच्या. घरच्या बाया मात्र आपल्या शेतावर पायी. भाड्याची जागा घरच्यांनी कशाला अडवायची, असा त्याचा हिशेब.

सासूच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. समोरून झगझगीत लाइट आला की डोळ्यांपुढे धुतलेले धोतर वाळत घातल्यासारखे होते, असे ती म्हणायची. मग ती जागच्या जागी उभी राहायची आणि माझा पदर धरायची. आमच्या रस्त्याच्या एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला पाटबंधाऱ्याचा नहर. रोवणीच्या दिवसांत नहर काठोकाठ वाहतो. एक दिवस ही बाई नहरात जाईल, ही धास्ती मला कायम असायची.

सासूचा डोळा दाखवायला पिकअपने भंडाऱ्याला गेलो, त्याच दिवशी लाइटही घेतला. सासूला दवाखान्याच्या बाकावर बसवून आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने दोन बल्ब भिंतीवर लावून दाखवले. चार हजार तीनशे केल्विनचा पिवळसर पांढरा आणि आठ हजारचा निळा; हे आकडे किमतीचे नव्हेत, उजेडाच्या रंगाचे.

"पाण्यापावसात पिवळाच चांगला, रस्ता दिसते," दुकानदार म्हणाला. "निळा शोभेचा."

"पिवळा नोको. कंदील लावल्यासारखा दिसते. लोकं हासतीन," नवरा म्हणाला.

मी म्हटले, "अवो, मायच्या डोळ्याचं तरी पाहा. तिले हा लाइट सहन होईन का?"

"माय कोठी गाडी चालवून राहिली?"

"तेच तं सांगून राहिली मी! माय समोरून येऊन राहते!"

दुकानदार हसला. "वहिनी, तुमाले नाही समजत गाडीतलं," असे म्हणून त्याने निळ्या बल्बचा डबा बांधला. आताच पिवळा चांगला म्हणणारा हा माणूस! गिऱ्हाइकाची मान जिकडे हलेल तिकडे याची जीभ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण दवाखान्यात सासू एकटी बसली होती.

लाइटचा झोत दुकानदाराने भिंतीवर पाहून नीट खाली लावून दिला. गाडी रिकामी होती. मागे बायांची टोळी बसली की गाडीची मागची बाजू दबते, तोंड वर होते, आणि खाली लावलेला झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे कोणाच्याही डोक्यात आले नाही. आमच्याकडे पूजा रिकाम्या गाडीची होते आणि काम भरल्या गाडीचे.

चार दिवसही गेले नसतील. झिमझिम पावसात आम्ही दोघी घरी येत होतो. वळणावरून निळा झोत आला. सासू थांबली, चाचपडली, माझा पदर तिच्या हातातून सुटला आणि ती नहरात गेली. कमरेएवढ्या पाण्यात उतरून मी तिला लुगड्याला धरून ओढून ठेवले. गाडी थांबली. गाडी आमचीच. टोळीतल्या दोघीतिघी उड्या टाकून आल्या आणि तिला वर घेतले. नवरा खाली उतरला आणि काय म्हणाला?

"माय, बाजूनं चालाले काय झालं तुले?"

त्या क्षणी मला त्यालाच नहरात ढकलावेसे वाटले. घरी आल्यावर सासू कुडकुडत म्हणते, "त्याचा काय दोस बाई, माहेच डोळे गेले." मग तिचाही मला तितकाच राग आला. लाइट तसाच राहिला.

पुढे पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे दारातली पळसाची डहाळी घेऊन सारे गाव शिवेवर जाते आणि पीडा घेऊन जाणारी मारबत म्हणून ती टाकते. गावाला जी जी पीडा असेल तिचे नाव घेऊन ओरडायचे असते आणि त्या दिवशी कोणी कोणावर रागवायचे नसते. सासू दरवर्षी खोकला आणि ढेकूण यांच्यावर ओरडायची. त्या वर्षी तिने डहाळी उचलली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "डोळे फोडनारा लाइट घेऊन जाय गे मारबत!"

मग रोवणीच्या बायांनी उचलून धरले, "घेऊन जाय गे मारबत!" नवरा मान खाली घालून उभा होता. त्याच दुपारी त्याने लाइट काढला आणि जुने बल्ब बसवले. मला वाटले, चला, मुलाला माय दिसली एकदाची.

आठवडाभराने संध्याकाळी त्याच वळणावरून तोच निळा झोत आला. नवऱ्याने लाइट चुलतभावाला विकला होता. त्याचीही पिकअप, त्याच रस्त्याची.

"मारबत शिवेबाहेर टाकतेत," मी घरी जाऊन ओरडले, "तुमी तं शेजारच्या अंगणात टाकली!"

"आपल्या गाडीले तं नाही ना आता," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी झोत वळणावर दिसताच सासूने माझा हात धरला, आणि तो जवळ यायच्या आधीच आम्ही दोघी रस्ता सोडून बांधीच्या चिखलात उतरलो.