पेन कोणाला, सिरिंज कोणाला

भालेराव सरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आनंदाने होकार दिला आणि लगेच पेचात पडले. डॉक्टर म्हणून सरांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. पण मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन टोचण्याचं साधन सर कसं निवडून देतात, हे मला अजून धड सांगता येत नाही. आणि संपादकांना लेख हवा आहे तो नेमका त्यावरच.

आळेफाट्याच्या त्यांच्या दवाखान्यात मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी सरांनी अधू नजरेच्या एका आजींना इन्सुलिनचं पेन लिहून दिलं. पेन फिरवताना टकटक वाजतं, आवाज मोजून डोस घेता येतो, हे मला पटलं. पाठोपाठ तितक्याच अधू नजरेचे आजोबा आले, तर त्यांना जुनी बाटली आणि सिरिंज. एका ट्रकचालकाने पेन मागितलं, त्याला दिलं नाही. दुसऱ्याने मागितलं नव्हतं, त्याला दिलं. मी विचारलं, "सर, यात नियम कोणता?"

"तुम्हाला सापडला तर मलाही सांगा," सर म्हणाले.

ते थट्टा करताहेत असं समजून मी नोंदींची वही सुरू केली. वय, नजर, कामधंदा, शिक्षण असे रकाने आखले. दर आठवड्याला माझा एखादा नियम बाद व्हायचा. सरांचे प्रश्न तर भलतेच असत. घरात आधी कोण जेवतं? सुई टोचतं कोण? शिवाय घरातलं टोचण्याचं जुनं सामान पिशवीत घालून आणायला लावत आणि ते टेबलावर मांडून बसत. बाहेर रांग वाढायची. हा वेळेचा अपव्यय आहे, असं माझं ठाम मत होतं.

एकदा सर लेकीकडे नाशिकला गेले असताना बाटलीतलं इन्सुलिन घेणाऱ्या पारगावच्या हौसाबाई आल्या. दिवसभर उसाच्या शेतात राबणारी बाई, बाटली-सिरिंज कुठे सांभाळत बसणार? मी वहीप्रमाणे पेन लिहून दिलं. पिशवी काही उघडायला लावली नाही.

तीन आठवड्यांनी त्यांना जीपमधून बेशुद्ध आणलं. साखर पार खाली गेली होती. सर आदल्याच दिवशी परतले होते. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि बाईंनी डोळे उघडले. पेनच्या सुया संपल्या म्हणून त्यांचे यजमान नामदेवराव यांनी घरातल्या जुन्या सिरिंजने पेनमधलं इन्सुलिन ओढलं होतं. ते बाटलीतल्यापेक्षा अडीचपट तीव्र असतं.

"मी रोजच्या रेघेपतुरच भरलं व्हतं," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

सर त्यांना म्हणाले, "नामदेवराव, तुमची चूक नाही. सांगायचं आमच्याकडून राहून गेलं." सर तर त्या दिवशी इथे नव्हतेही. मला खूप लाज वाटली.

हौसाबाई वाचल्या, पण त्यांनी इन्सुलिनच सोडलं. "आता सुई न्हाई घ्यायची," असा निरोप आला. साखर चढत राहिली तर आज ना उद्या पाय नाहीतर डोळे जाणार, हे आम्हाला दिसत होतं. त्या रविवारी सर मला घेऊन पारगावला गेले. मला वाटलं, समजूत घालतील. सर चहा घेत उसाच्या तोडीबद्दल बोलत बसले. मग एकदम विचारलं, "हौसाबाई, भीती सुईची वाटते की आणखी कशाची?"

त्या हळूच म्हणाल्या, "यांचा हात लई कापतो, डाक्टर. त्या दिसापासून रातचं झोपत न्हाईत. यांच्या हातून मला काय झालं, तर ह्यो मानूस जगायचा न्हाई. पेन द्या, मीच टोचीन."

जुन्या सिरिंजा सरांनी मागून घेतल्या. हौसाबाईंकडून पेन चार वेळा भरून, फिरवून, टोचून दाखवायला लावलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा."

मी नको म्हणाले. त्यांनी कागद तसाच धरून ठेवला. मी लिहिलं, अक्षर वेडंवाकडं आलं. एरवी सर स्वतःची चिठ्ठीही दोनदा वाचून मगच हातावेगळी करतात. माझी त्यांनी न वाचताच घडी घातली आणि हौसाबाईंना दिली.

त्या बाई आज स्वतः टोचून घेतात, पायांवर उभ्या आहेत. सरांनी ती चिठ्ठी का वाचली नाही, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर एवढ्या वर्षांत झाला नाही आणि इतक्यात होईल असंही दिसत नाही. तेवढ्यासाठी तरी सर, तुम्ही पुष्कळ वर्षं ठणठणीत राहायला हवं.