समुद्राची माती, सक्करदऱ्यात

हर्षा ठवकर नागपुरात सक्करदऱ्याला राहते आणि समुद्रतळाच्या चिखलातून किडे निवडते. हा तिचा छंद नाही, नोकरी आहे. गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात पवनचक्क्या उभारायचं चाललं आहे. त्याआधी तळाशी कोण राहतं हे पाहून ठेवावं लागतं. नाहीतर पुढे काही बिघडलं, तर ते चक्क्यांमुळे की आधीपासूनच तसं होतं, हे सांगता येत नाही. तिथला चिखल बोटीने उपसतात आणि तो नागपूरला येतो, कारण हे काम घेणारी प्रयोगशाळा हिंगणा रोडवर निघाली.

हर्षाने प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलं, बरीच वर्षं कॉलेजात तासिकांवर शिकवलं. कॉलेजने विषयच बंद केला तेव्हा ती इथे लागली. तिने समुद्र पाहिलेला नाही. कामात त्याची अडचण येत नाही. सासूबाई मनकर्णाबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून अळ्या निवडते." शेजारणी पुढे विचारत नाहीत.

गेल्या दिवाळीत प्रयोगशाळा बंद होती, म्हणून एक खोका घरी आला. हर्षा भाऊबीजेला उमरेडला माहेरी गेली होती. सासरे चंपतरावांनी खोका उतरवून घेतला आणि तिला फोन लावला.

"हर्षा, तुई माती आली वं."

"फ्रिजात ठेवा बाबा. उद्या येतेच मी."

फ्रिजात अनारसे होते. मनकर्णाबाई फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. चंपतरावांनी पिशव्या उघडून पाहिल्या. कळमन्याच्या बाजारात अडत करण्याआधी त्यांनी शेती केली होती. माती काळी, मऊ, बोटांत गोळा होणारी. बाहेर ठेवली तर वास सुटेल. त्यांनी ती गच्चीवरच्या कुंड्यांत घातली आणि वरून पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी हर्षाने विचारलं, "बाबा, पिशव्या कुठं हायेत?"

"कुंड्यात टाकली सारी. चांगली माती काहून वाया जाऊ द्यायची?"

"कोणत्या कुंडीत कोणती?"

"तसं नाई पाह्यलं. मातीच तर होती."

हर्षा गच्चीवर जाऊन बराच वेळ कुंड्यांकडे पाहत उभी राहिली. खाली आली तेव्हा डोळे लाल होते. किडे निवडायचा चिखल वेगळ्या बरण्यांत होता, तो वाचला. पण कुठल्या जागी तळ रेताड आणि कुठे गाळाचा, हे पिशव्यांतल्या मातीवरून ठरायचं, आणि ते ठरल्याशिवाय किड्यांचा अर्थ लागत नाही. बोट पुन्हा पाठवावी लागणार होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख मनोहरराव म्हणाले, "प्रवासात खराब झाली, असं कळवून टाका."

"प्रवासात नाही झाली सर. सासऱ्यांनी कुंडीत घातली."

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. "हे चक्क्यांच्या कंपनीला कळवायचं?"

"कुरिअरवाल्यावर कशाला ढकलायचं? त्याने तर नीट आणून दिली."

तिने होतं तसंच कळवलं. उत्तर आलं: बोट पुन्हा जाईल आणि यापुढे खोके घरच्या पत्त्यावर पाठवले जाणार नाहीत. उत्तराच्या खाली, किनाऱ्यावरून खोके पाठवणाऱ्या गार्गी मॅडमने आपली एक ओळ जोडली होती: झाडं जगली का? हर्षाने लिहिलं: मिरची गेली. मोगऱ्याचं अजून ठरायचं आहे.

चंपतरावांना हे फार लागलं. एका सकाळी कोणाला न सांगता बसने प्रयोगशाळेत पोचले आणि मनोहररावांना हात जोडून म्हणाले, "गलती माही हाय साहेब. पोरीची नाई."

मनोहररावांनी चहा मागवला. हर्षाने सासऱ्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. आधी त्यांना काहीच दिसेना, कारण त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते. मग दिसली: ओळखू यावी म्हणून गुलाबी रंग दिलेली बारीक अळी, दोन्ही कडांना केसांच्या रांगा.

"हे जिवंत होतं?"

"हो बाबा."

"अन् चक्क्या लागल्यावर याचं काय होईन?"

"तेच तर पाहायचं हाय. आज कोणालेच सांगता येत नाही."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. दुपारपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत. हर्षाने त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर काम केलं.

संध्याकाळी स्कूटीवर तिच्या मागे बसून परतताना त्यांनी विचारलं, "त्याले केस काहून असतात वं?"

"चिखलात सरकायला कामी येतात."

सिग्नल सुटेपर्यंत चंपतरावांनी त्यावर विचार केला.

"बराबर हाय," ते म्हणाले.